जुना आर७२० सर्व्हर चालू होत नाहीये, पंखे अर्धा सेकंद फिरतात आणि गप्प

कॅसेटवाला_मिरज
नमस्कार मंडळी, वाचतो इथे बरंच पण लिहितोय पहिल्यांदा, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.
तीन आठवड्यांपूर्वी मुंबईतल्या एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडून डेलचा पॉवरएज आर७२० घेतला. दोन झिऑन ई५-२६५० व्ही२ सीपीयू, १६ जीबीच्या आठ पट्ट्या, ७५० वॉटचे दोन पॉवर सप्लाय (पीएसयू). हार्डडिस्क माझ्याच घरातल्या. आमचे आजोबा कीर्तनकार होते, त्यांच्या दोनशेच्या वर कॅसेट मी हळूहळू कॉम्प्युटरवर घेऊन ठेवल्यात आणि आता बोललेलं लिहून काढणारं मॉडेल घरीच चालवायचं डोक्यात आहे, त्यासाठी हा सगळा उपद्व्याप.
आला त्या दिवशी मस्त चालू झाला, उबंटू टाकलं, दोन तास चालवला, मग बंद करून झाकून ठेवला कारण आवाज एवढा की शेजारचे काका गिरणी टाकली का विचारायला आले. गेल्या रविवारी परत चालू करायला गेलो तर मेला. म्हणजे वायर लावली की दोन्ही पीएसयूचे दिवे हिरवे. बटण दाबलं की सगळे पंखे एकदम अर्धा सेकंद झटका मारतात, टक् करून आवाज येतो आणि बंद. पीएसयूचा दिवा पिवळा होऊन लुकलुकतो, पुढचा छोटा स्क्रीनही पिवळा. वायर काढून परत लावली की पुन्हा हिरवा, पुन्हा तेच.
करून बघितलं ते असं: एकेक पीएसयू वेगळा लावून बघितला, दोन्हीत तेच. रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबरने घासून परत बसवल्या. वेगळा एक्स्टेंशन बोर्ड, वेगळी वायर. आणि एक, डब्याला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात, त्याचा संबंध आहे का माहीत नाही.
व्यापाऱ्याची एक महिन्याची टेस्टिंग वॉरंटी आहे, आठ दिवस उरलेत. परत पाठवू का?

लॅमिंग्टन_रिटर्न
मदरबोर्ड गेला भावा. सरळ परत पाठव, वेळ घालवू नको. जुन्या सर्व्हरचं असंच असतं, दोन तास चालतो आणि मग राम म्हणतो. मी दोन घेतले होते दोन्ही भंगारात.

वायरमन_आप्पा
बोर्ड गेला म्हणायच्या आधी त्या झिणझिण्यांचं बघा. आर्थिंग नाहीये तुमच्याकडं, किंवा पॉइंटला आहे आणि तुमच्या एक्स्टेंशन बोर्डात मधली पिन मोकळी आहे. या पॉवर सप्लायच्या आत लाइन आणि न्यूट्रलकडून बॉडीला छोटे कपॅसिटर असतात, आर्थिंग असलं की ते गळणारं करंट जमिनीत जातं, नसलं की बॉडीवर बसून राहतं आणि तुमच्या बोटाला सांगतं. मीटर एसीवर ठेवून न्यूट्रल आणि आर्थिंगमध्ये मोजा, दोन-चार व्होल्टच्या वर नको. मग लाइन आणि आर्थिंगमध्ये मोजा, २३० च्या आसपास पाहिजे, तिथं चाळीस-पन्नास दाखवलं तर आर्थिंग नुसतं नावाला आहे.
दुसरं, इन्व्हर्टरच्या लाइनवर लावलाय का? स्वस्तातले घरगुती इन्व्हर्टर चौकोनी लाटेचे असतात, ट्यूब पंख्याला चालतात पण सर्व्हरच्या पीएसयूला ती लाट पचत नाही, चालू व्हायचा प्रयत्न करतो आणि सोडून देतो. डायरेक्ट लाइनवर लावून बघा.
आणि कोणी १६ ॲम्पियरचा पॉइंट पाहिजे म्हणेल तर ऐकू नका. ७५० वॉट म्हणजे २३० व्होल्टला सव्वातीन ॲम्पियर, साधा ६ वाला पुरतो.

कॅसेटवाला_मिरज
आप्पा तुम्ही अंतर्यामी आहात, इन्व्हर्टरच्याच पॉइंटवर होता. स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या पॉइंटवर नेला, तिथे आर्थिंग व्यवस्थित आहे, झिणझिण्या गेल्या. पण सर्व्हर तसाच, अर्धा सेकंद आणि गप्प.

रात्रपाळी
मी डेटासेंटरमध्ये बरीच वर्षं रात्रपाळ्या काढल्यात, हे मशीन शेकड्याने हाताखालून गेलंय, त्यामुळे थोडं सविस्तर सांगते.
लॅमिंग्टनभाऊ, बोर्ड गेला हे शेवटी म्हणायचं असतं, पहिलं नाही.
कॅसेटवाले, तुमच्या पोस्टमध्ये सगळ्यात कामाची गोष्ट ही आहे की वायर लावल्यावर दिवा हिरवा असतो आणि बटण दाबल्यावर पिवळा होतो. सर्व्हरचा पीएसयू वायर लावल्या लावल्या फक्त स्टँडबायचा वीजपुरवठा देतो, त्यावर आयड्रॅक, म्हणजे सर्व्हरवर लांबून नजर ठेवणारा आतला छोटा कॉम्प्युटर, जागा होतो, बाकी सगळं झोपलेलं असतं. बटण दाबलं की मग मेन १२ व्होल्ट सुटतात, सीपीयू, पंखे, डिस्क, रायझर (कार्डं बसतात ती पट्टी) सगळीकडे. तुमचा पीएसयू त्या क्षणी बघतो की कुठेतरी १२ व्होल्ट थेट जमिनीला, म्हणजे वीज परत जाते त्या ग्राउंडला, भिडलेत, आणि स्वतःला वाचवायला हात वर करतो. दोन्ही पीएसयू वेगवेगळे लावूनही तेच होतंय म्हणजे पीएसयू बहुतेक ठीक आहेत, ते त्यांचं काम करतायत. मेन १२ व्होल्टच्या वाटेवर कुठेतरी शॉर्ट आहे.
आता आयड्रॅक जिवंत आहे का बघा. मागे पानाचं, म्हणजे पान्याचं चित्र असलेला नेटवर्क पोर्ट आहे त्यात केबल लावा, लॅपटॉपला १९२.१६८.०.१०० वगैरे पत्ता द्या आणि १९२.१६८.०.१२० वर, म्हणजे आयड्रॅकच्या पत्त्यावर, एसएसएच करा (लांबून कमांड द्यायचं लॉगिन). युजर रूट, पासवर्ड कॅल्विन, व्यापाऱ्याने बदलला नसेल तर. ब्राउझरने जाऊ नका, एवढं जुनं एन्क्रिप्शन आजचे ब्राउझर बहुतेक उघडत नाहीत आणि तुमचा अर्धा दिवस त्यातच जाईल. वायर लावल्यावर दोन मिनिटं थांबा, आयड्रॅक उठायला वेळ घेतो. आत गेल्यावर रॅकअ‍ॅडम गेटसेल, म्हणजे सर्व्हरची डायरी. आणि रॅकअ‍ॅडम सर्व्हरअ‍ॅक्शन पॉवरअप दिलं की बटण न दाबता तो चालू व्हायचा प्रयत्न करेल, म्हणजे बटणाचा किंवा पुढच्या पट्टीच्या केबलचा संशयही मिटेल.
सीपीयूला अजिबात हात लावू नका. या सॉकेटात पिना बोर्डावर आहेत, २०११ पिना, एक जरी वाकली तर मग खरंच लॅमिंग्टनभाऊंचं म्हणणं खरं होईल.

कॅसेटवाला_मिरज
ताई खूप आभार. तुमचं "पानाचं" वाचून मी पाच मिनिटं मागे विड्याचं पान शोधत होतो मग पुढचं वाचलं 😅
आयड्रॅक जिवंत आहे, पासवर्डही तोच निघाला. एसएसएचनेही आधी नाटकं केली, जुन्या पद्धतीची किल्ली चालेल असं सांगावं लागलं. डायरीत रविवारपासून एकच रडगाणं, पॉवर सप्लाय १ फेल, पॉवर सप्लाय २ फेल, मग रिडंडन्सी (एक गेला तर दुसरा सांभाळतो ती सोय) गेली, मग परत आली, जेवढ्या वेळा मी बटण दाबलं तेवढ्या वेळा. त्याआधीच्या नोंदी पण आहेत जुन्या मालकाच्या, कुणीतरी कित्येक वेळा झाकण उघडलंय.
पॉवरअप कमांड दिली, हुबेहूब तेच, झटका आणि गप्प. म्हणजे बटण निर्दोष.

लॅमिंग्टन_रिटर्न
मेन १२ व्होल्ट शॉर्ट म्हणजे बोर्डवरचा मॉस्फेट (वीज सोडणारा-अडवणारा स्विच) शॉर्ट. म्हणजे बोर्ड. मी आधीच बोललो.

रात्रपाळी
असू शकतं. पण एक प्रश्न राहिला. पहिल्या दिवशी दोन तास चालला, मग बंद पडून होता, रविवारी मेला. मधल्या काळात काय बदललं?
आणि दुसरं, तुम्ही म्हणालात मॉडेल चालवायचंय. नुसत्या त्या दोन झिऑनवर दोनशे कॅसेट लिहून काढायला घेतल्या तर पुढची आषाढी येईल. ग्राफिक्स कार्ड कुठाय?

कॅसेटवाला_मिरज
हो ते लिहायचं राहिलं. शनिवारी रात्री टेस्ला पी४० टाकलं, २४ जीबीचं, तेही जुनंच. पण त्याचा संबंध नसावा कारण मी कार्ड स्लॉटमधून बाहेर काढूनही बघितलं, तरी तेच झालं, म्हणून मग पोस्टमध्ये लिहिलं नाही.

वायरमन_आप्पा
😀😀😀 "ते लिहायचं राहिलं"
तीस वर्षं झाली मला या धंद्यात, गिऱ्हाईक नेहमी सगळं सांगतं, भिंतीत खिळा ठोकल्याचं तेवढं सांगत नाही.

रात्रपाळी
कार्ड बाहेर काढलंत तेव्हा त्याची पॉवरची केबल काढली होती का? आणि केबल कुठली आहे, कुठून घेतली? कार्डाकडच्या टोकाचा प्लग नीट बघून सांगा: आठ पिनांचा तो प्लग मधून फुटतो का, आणि फुटत असेल तर चार-चार की सहा-दोन?

कॅसेटवाला_मिरज
केबल नव्हती काढली. कार्ड नुसतं स्लॉटमधून उचललं आणि डिस्कच्या बाजूला पेपर टाकून त्यावर ठेवलं, केबल लांब आहे म्हणून तशीच लावलेली. पेपर होता मध्ये, बॉडीला कुठे टेकलं नव्हतं.
केबल ऑनलाइन मागवली, आर७२० च्या रायझरसाठी ग्राफिक्स कार्डची केबल असं लिहिलं होतं. एका टोकाला रायझरचा प्लग, दुसऱ्या टोकाला दोन प्लग, एक सहा पिनी, एक आठ पिनी. आठ पिनी तो फुटतो, सहा आणि दोन असा.
खरं सांगायचं तर कार्डात बसवताना एका कोपऱ्याला अडत होता. मला वाटलं जुनं कार्ड आहे, घट्ट असेल, अंगठ्याने जोर लावला, टक् आवाज आला, म्हटलं बसला. आता हे लिहिताना माझ्या पोटात गोळा येतोय.

रात्रपाळी
सापडलं. बहुतेक काहीही मेलेलं नाहीये, पण आधी वायरी काढा भिंतीतून आणि मग वाचा.
आठ पिनांचे दोन प्लग असतात, लांबून बघितलं तर सख्खे भाऊ. एक साध्या गेमिंग कार्डांचा पीसीआयई प्लग, तो सहा-दोन फुटतो. दुसरा सीपीयूला वीज देणारा ईपीएस प्लग, तो चार-चार फुटतो. टेस्ला पी४० ला सॉकेट दिसतं ग्राफिक्स कार्डासारखं पण आहे ते सीपीयूवालं, ईपीएस. आणि दोघांची वायरिंग उलटी आहे. पीसीआयईमध्ये १, २, ३ नंबरच्या पिनांवर १२ व्होल्ट येतात. ईपीएसमध्ये १ ते ४ चारही जमीन, आणि ५ ते ८ वर १२ व्होल्ट. म्हणजे तुमच्या केबलचे १२ व्होल्ट कार्डाच्या जमिनीच्या पिनांत गेले आणि केबलची जमीन कार्डाच्या १२ व्होल्टला. म्हणूनच कोपऱ्याला अडत होता, काही पिनांभोवतीचं प्लास्टिक चौकोनी असतं आणि काहींचं कोपरे तासलेलं, चुकीचा प्लग बसू नये म्हणूनच. अंगठ्यापुढे प्लास्टिक हरलं.
आता कार्ड पेपरवर ठेवूनही का होत होतं ते. पीसीआयई प्लगची ४ नंबरची पिन सेन्सची असते, म्हणजे केबल लागलीय की नाही ओळखायची, आणि केबलमध्ये ती जमिनीलाच जोडलेली असते. ती तुमच्या कार्डात जमिनीच्याच पिनेत गेली. त्यामुळे १, २, ३ मधून आलेले १२ व्होल्ट कार्डाच्या तांब्याच्या थरातून ४ मधून परत, स्लॉटची गरजच नाही, बॉडीला टेकायचीही नाही. त्या पेपरने तुम्हाला आणि आम्हाला सगळ्यांना चकवलं.
खात्री करायची तर केबल रायझरकडून काढा, कार्डाकडे राहू द्या, मीटर बीपवर ठेवा, एक टोक पिवळ्या वायरच्या पिनेला आणि दुसरं कार्डाच्या लोखंडी पट्टीच्या स्क्रूला. पिवळी वायर बॉडीशी बीप करता कामा नये. करेल.
मग प्लग काढा, ओढू नका, खटका दाबून थोडं थोडं हलवत. कार्ड बाजूला ठेवा. सर्व्हरच्या दोन्ही वायरी काढलेल्या असताना पॉवरचं बटण २०-३० सेकंद दाबून धरा, आत राहिलेली वीज जाऊ द्या, आणि पीएसयूला दोन-तीन मिनिटं विश्रांती द्या, हे एकदा रुसले की वीज पूर्ण गेल्याशिवाय रुसवा सोडत नाहीत. मग एकच पीएसयू लावा, आयड्रॅकसाठी दोन मिनिटं थांबा, बटण.

कॅसेटवाला_मिरज
बीप झाली. पिवळी आणि स्क्रू, लांबलचक बीप.
प्लग काढायला वीस मिनिटं लागली, एका पिनेभोवतीचं प्लास्टिक चेपलंय पण आतलं तांबं सरळ दिसतंय.
आणि सर्व्हर चालू झाला!!! पहिल्याच फटक्यात, स्क्रीन निळा, पंखे बोंबलले, घरातली सगळी मंडळी उठून आली. रात्रीचे पावणेबारा वाजलेत. एक रॅमची पट्टी नाराज आहे असं म्हणाला, ती खोडरबरवाल्या घाईत नीट बसली नव्हती, परत बसवली, आता आठही दिसतायत.
ताई, काय बोलू. परवा मी तो पॅक करून गाडीत टाकणार होतो.

लॅमिंग्टन_रिटर्न
बरं. नशीब चांगलं तुझं.
(माझ्या त्या दोनपैकी एकातही कार्ड होतं, आता मलाही झोप नाही लागणार)

रात्रपाळी
छान. बोर्ड आणि पीएसयू दोघांनी सोसलं, सर्व्हरचे पीएसयू या बाबतीत खमके असतात. कार्डही बहुधा वाचलंय, कारण त्याच्या १२ व्होल्टच्या बाजूला वीज पोचलीच नाही, जमिनीतूनच फिरून परत गेली.
आता कार्डासाठी: ज्या केबलच्या कार्डाकडच्या टोकाला ईपीएस प्लग आहे अशी या रायझरसाठीची केबल घ्या, किंवा दोन पीसीआयई आठ पिनी घेऊन एक ईपीएस देणारा ॲडॉप्टर मिळतो तो. पहिलं बरं, सांधे कमी. आणि लावायच्या आधी मीटरवर पिवळी-काळी तपासायची, विक्रेत्याने काहीही लिहिलेलं असो.
कार्ड २५० वॉटचं, तुमचे सीपीयू ९५ चे दोन, रॅम, डिस्क, पंखे धरून सहाशेच्या घरात जाल. ७५० चा एक पीएसयू निघतो पण ओढाताण आहे, कार्डाच्या मशीनला ११०० वाले बरे. तोवर एनव्हिडिया-एसएमआय कमांडने कार्ड १८० वॉटवर बांधून ठेवा, तुमच्या कामाला वेगात फार फरक पडणार नाही.
बायोसमध्ये (चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) मेमरी मॅप्ड आयओ अबव्ह ४ जीबी चालू आहे का तेही बघा, नाहीतर एवढ्या मेमरीचं कार्ड नीट उठत नाही आणि तुम्ही परत इथे याल.
पंखे: ओळखीचं नसलेलं कार्ड दिसलं की आयड्रॅक पंखे वाढवतो. आयपीएमआय कमांडने ते खाली आणायच्या युक्त्या नेटवर सापडतील. करू नका. पी४० ला स्वतःचा पंखाच नाही, ते सर्व्हरच्या वाऱ्यावर जगतं.

कॅसेटवाला_मिरज
उशिरा कळवतोय, केबल यायला नऊ दिवस लागले. चार-चार फुटणारा प्लग, बोटाने हलकेच ढकलला तर आपोआप बसला, मला कळलं की बसणं म्हणजे काय. मीटर लावून घेतलं आधी. कार्ड उठलं, २४ जीबी दिसतंय, १८० वर बांधलंय. सर्व्हर आता जिन्याखालच्या खोलीत, तिथे आप्पांच्या सांगण्यावरून वेगळी आर्थिंगची वायर ओढली.
१९८७ ची एक कॅसेट टाकून बघितली. आजोबांच्या निरूपणाचं बरंचसं बरोबर लिहिलं, टाळ वाजले की मात्र दरवेळी "धन्यवाद" लिहितंय, काय कळेना.
ती जुनी केबल कात्रीने कापून टाकली, परत कुणाच्या हाती लागायला नको.

वायरमन_आप्पा
कापायची कशाला हो? केबल चांगलीच होती, साध्या कार्डाला बरोबर होती. मी घेतली असती की, पुतण्याच्या मशीनला पाहिजेच आहे.